वाढलेली जाडी जाणार कुठे? मिड-सेंच्युरी मॉडर्न घराची दुरुस्ती आणि वाढ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. घर १९५८ सालचं, एकमजली, मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या आधुनिक शैलीचं. लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर जवळजवळ सपाट छत, बागेच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे गाडीसाठी उघडा पोर्च. हिवाळ्यात घर गार पडतं, दोन ठिकाणी छत गळतं. तुम्हाला आणखी एक झोपायची खोली, एक बाथरूम आणि कामासाठी एक खोली हवी आहे. ठेकेदाराने चार पर्याय दिलेत: वर मजला चढवा, पोर्च बंद करून खोली काढा, सगळ्या काचा काढून पीव्हीसीच्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवा, नाहीतर सरळ पाडून नवीन बांधा. यातलं काय केलं तर घराचा जीव जाणार नाही, आणि नवीन भाग जुन्यासारखाच दिसावा की वेगळा, असं तुम्ही विचारलंय.

चारांपैकी एकही करू नका. खोल्या मागच्या अंगाला वेगळा छोटा भाग म्हणून बांधा आणि तो मूळ घराला एका अरुंद, काचेच्या दुव्याने जोडा. पण ते दुसरं काम. पहिलं काम छत आणि तुळयांची टोकं. गेली पंचवीस वर्षं मी याच काळातल्या घरांची कामं करते आहे. घर दुरुस्त न करता वाढवायला घेतलं की पैसे वाढीत संपतात आणि मूळ घर कुजतच राहतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता कारणं. या घरांचं सगळं देखणेपण बारीकपणात आहे. छताची कड आठ-नऊ इंचांची, काच दोन सुतांची, काच धरणारी लाकडी पट्टी पाऊण इंचाची. रस्त्यावरून पाहिलं की छत खांबांवर हलकेच टेकवल्यासारखं वाटतं, ते याच मापांमुळे. त्या काळी हे जमलं, कारण इंधन स्वस्त होतं आणि इन्सुलेशनचा फारसा विचारच होत नव्हता. छताची दोन इंची फळी बाहेरून छत होती आणि आतून तीच सीलिंग. मधे काहीच नाही. आज आपण अशा घरात जे जे सुधारायला जातो, ते प्रत्येक काम जाडी वाढवतं. इन्सुलेशन म्हणजे चार इंच. दुहेरी काच म्हणजे एक इंच. नवीन वायरिंग, हवा खेळवणारे डक्ट, भूकंपाच्या किंवा वाऱ्याच्या नियमांनी मागितलेल्या कैच्या (तिरके आधार), सगळ्यांना जागा हवी. म्हणून कागदावर पेन्सिल टेकवण्याआधी मी एकच गोष्ट ठरवते: ही वाढलेली जाडी जाणार कुठे? बाकीचे निर्णय त्यातून निघतात.

सगळ्यात जास्त घरं छतावर बिघडतात, म्हणून छतापासून सुरुवात करते.

मूळ छत बहुधा डांबर, फेल्टचे थर आणि वर खडी असं असणार. गेल्या साठहून जास्त वर्षांत गळती लागली की कोणीतरी जुन्यावर नवीन थर चढवला असेल. एकदा आम्ही छत कापून पाहिलं तर एकावर एक तीन छतं निघाली, आणि प्रत्येक वेळी कडेची पत्र्याची पट्टी थोडी थोडी उंच करत नेलेली होती. मूळ आठ इंचांची कड तेरा इंचांवर गेली होती आणि घरात राहणाऱ्या कोणाच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की जुन्या फोटोत घर छान दिसतं आणि आता दिसत नाही. तुमच्या घराची कड आधी मोजा आणि जुना फोटो मिळाला तर खांबाच्या जाडीशी तिचं प्रमाण ताडून बघा.

जुने सगळे थर फळीपर्यंत काढून टाका. खडीचंच वजन दर चौरस मीटरला साधारण २० किलो भरतं, तेवढा भार तुळयांवरून उतरतो. फळी उघडी झाली की काळे डाग दिसतील. डाग म्हणजे कूज असं नाही, पण प्रत्येक डागावर टोचा मारून पाहायचा. कुजलेली फळी बदलताना त्याच जातीचं, त्याच रुंदीचं, त्याच खाच-जिभेचं (एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते तसं) लाकूड शोधा, कारण तीच फळी खालून तुमचं सीलिंग आहे.

फळीवर आधी हवा आणि वाफ अडवणारा पातळ थर. हा थर लोक वगळतात आणि तिथेच चुकतात. खाच-जिभेच्या सांध्यांतून घरातली गरम, दमट हवा वर जाते, गार थराला लागून तिचं पाणी होतं आणि नवीन इन्सुलेशनखाली फळी ओली राहते. गळती नसताना छत कुजण्याचं हे नेहमीचं कारण. त्यावर पॉलिआयसोचे, म्हणजे घट्ट प्लॅस्टिक फोमच्या इन्सुलेशनचे कडक बोर्ड, चार इंचांपर्यंत. त्यांना पाण्याच्या वाटेकडे उतार देऊन कापायचं, फुटाला पाव इंच इतका तरी. सपाट दिसणाऱ्या छतालाही उतार लागतोच.

आता खरी मेख. हे चार इंच कडेपर्यंत न्यायचे नाहीत. बाहेर आलेल्या छज्जाखाली खोली नाही, तिथे ऊब राखायची गरजच नाही. म्हणून इन्सुलेशन बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या थोडं पलीकडे थांबवायचं, तिथून एक पायरी उतरवायची, आणि पुढचा छज्जा फक्त वॉटरप्रूफिंगच्या पातळ थराने झाकायचा. छज्जा तीन-चार फूट बाहेर असेल तर जमिनीवर उभ्या माणसाला ती पायरी दिसतच नाही. चढाच्या रस्त्यावरून किंवा शेजारच्या वरच्या मजल्यावरून दिसू शकते, तेव्हा एक दोरी लावून नजरेची रेषा तपासा. भिंतीच्या वर जिथे फळी आतून बाहेर जाते तिथे तिच्या सांध्यांत सीलंट भरायचं, नाहीतर हवा त्या खाचांतूनच बाहेर पळते. जुन्या वायरिंगचे पाईप बहुधा छताच्या वरून उघडे फिरवलेले असतील. याच वेळी ते काढून नवीन पाईप बोर्डांच्या थरात गाडून टाका. ही संधी पुन्हा वीस-पंचवीस वर्षं येत नाही.

स्क्रूंबद्दल मला सविस्तर सांगायचंय, कारण हा फटका मी खाल्ला आहे. फळीला दोन इंची म्हणतात, पण रंधून झाल्यावर ती प्रत्यक्षात साधारण दीड इंच उरते. चार इंच इन्सुलेशन, वर अर्ध्या इंचाचा बोर्ड, आणि फळीत जास्तीत जास्त एक इंच पकड, म्हणजे स्क्रू साडेपाच इंचांचा. माझ्या एका कामावर छतवाल्यांनी साडेसहा इंची पेटी उघडली. त्या दिवशी मी साइटवर नव्हते. संध्याकाळी घरमालकीणबाईंचा फोन आला. मी बैठकीच्या खोलीत शिरले तर वर देवदाराच्या सीलिंगमधून शेकडो चकचकीत टोकं अर्धा-अर्धा इंच बाहेर आलेली, प्रत्येक टोकाभोवती लाकडाची छोटी चीर. स्क्रू उलटे फिरवून काढले, भोकं रंग जुळवलेल्या मेणाने भरली, तरी तिरक्या उन्हात ती आजही दिसतात. तेव्हापासून मी स्क्रूची लांबी नकाशावर मोठ्या अक्षरांत लिहिते, आणि पहिल्या दहा स्क्रूंच्या वेळी एक माणूस खाली सीलिंगकडे बघत उभा करते. वाऱ्याच्या जोराचा हिशेब बसत असेल तर स्क्रू टाळून बोर्ड चिकटवणं त्याहून बरं. तो हिशेब इंजिनिअरकडून करून घ्या.

यानंतर तुळयांची टोकं. तुमच्या घरात तुळई आतल्या खोलीतून काचेच्या वरून तशीच बाहेर छज्जाखाली जाते. आत-बाहेर एकच जागा वाटावी यासाठी केलेली ही युक्ती फार सुंदर आहे आणि पावसाच्या दृष्टीने फार वाईट. लाकूड आडव्या अंगाने पाणी घेत नाही तेवढं कापलेल्या टोकाने पितं. एक टोचा घ्या, साधा सुताराचा, आणि प्रत्येक तुळईच्या टोकाला वरच्या बाजूने, मग खालून दाबून बघा. निरोगी लाकडात तो दोन-तीन मिलीमीटर जाऊन थांबतो आणि काढताना लाकूड त्याला धरून ठेवतं. कुजलेल्या लाकडात तो लोण्यासारखा शिरतो आणि टोकाला ओला भुगा लागून येतो. वरून रंग अगदी शाबूत असतो, हे लक्षात ठेवा. जाड ऑइलपेंटचे थर पाणी आत कोंडून ठेवतात, त्यामुळे सगळ्यात चकचकीत टोक बऱ्याचदा सगळ्यात पोकळ निघतं.

कूज सहा-आठ इंचांत असेल तर टोक कापून, तिरकी खाच देऊन त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा जोडता येतो. तो भाग फक्त छज्जाचा भार घेत असेल तर चांगल्या सुताराच्या हातून हे काम उत्तम होतं. कूज भिंतीच्या रेषेपर्यंत पोचली असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय हात लावू नका. काही लोक सगळी टोकं कापून तुळया आखूड करून टाकतात. स्वस्त पडतं, पण छज्जा बोडका दिसतो आणि काचेवर ऊन-पाऊस थेट यायला लागतो. जोडलेल्या टोकावर पत्र्याची टोपी बसवा, पण घट्ट नको. लाकूड आणि पत्रा यांत बारीक फट ठेवा, खालची कड पाणी ठिबकेल अशी बाहेर वळवा. टोपीखाली वारा फिरला तरच लाकूड सुकतं.

आता काचा. पीव्हीसीच्या चौकटीला मी एवढ्या ठामपणे नाही का म्हणते ते आकड्यांत सांगते. तुमच्याकडे काच सरळ खांबाच्या खाचेत बसलेली आहे, चौकट अशी नाहीच. पीव्हीसीची चौकट सत्तर मिलीमीटर किंवा जास्त रुंद, ती प्रत्येक खांबाच्या दोन्ही बाजूंना येणार. म्हणजे चार इंची खांब नऊ-साडेनऊ इंची दिसायला लागतो. घराच्या बागेकडच्या बाजूची लय तिथेच संपली.

पण काच बदलायचीच नाही असं मी म्हणत नाही. एकेरी काचेतून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला साधारण ५.७ वॅट उष्णता निघून जाते. लो-ई थराच्या (उष्णता परत आत फेकणारा पातळ लेप), आर्गॉन वायू भरलेल्या चांगल्या दुहेरी काचेत हा आकडा सव्वाच्या आसपास येतो. फरक मोठा आहे. अडचण जाडीची आणि वजनाची. काचेचं वजन दर मिलीमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. सहा-सहा मिलीमीटरच्या दोन काचा म्हणजे ३० किलो, एका मोठ्या पॅनेलचं वजन शंभर-सव्वाशे किलोंवर जातं. खालची लाकडी पट्टी तेवढं वजन घ्यायला केलेलीच नव्हती. इथे निर्वात काच उपयोगी पडते. दोन काचांमध्ये मिलीमीटरच्या काही दशांशांएवढी पोकळी, हवा काढून टाकलेली, आणि काचा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे टिंबांएवढे आधार. सगळी मिळून जाडी आठ-नऊ मिलीमीटर, जुन्या खाचेत जवळजवळ तशीच बसते, आणि उष्णता अडवायला दुहेरी काचेच्या तोडीची. जवळ गेलं की टिंबं दिसतात. महाग आहे. मागवून घ्यायला वेळ लागतो, आणि एकदा बनली की साइटवर कापता येत नाही, त्यामुळे मापात अर्धं सूतही चुकून चालत नाही.

म्हणून सगळीकडे ती लावू नका. छत आणि हवेच्या फटी आटोपल्यावर एक हिवाळा घरात राहा, मग संध्याकाळी जिथे बसता त्या खोलीची काच आधी करा. वरच्या त्रिकोणी काचा, मार्गिकेतल्या काचा एकेरी राहिल्या तरी चालेल. जाड, जमिनीपर्यंतचे पडदे रात्रीपुरते खूप काम करतात आणि ते त्या काळातल्या घरांना शोभतातही. फक्त एक बाब टाळू नका: जमिनीपर्यंत आलेली जुनी साधी काच फुटली तर तिच्या सुऱ्या होतात. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर तिथे लॅमिनेटेड काचा (मधे प्लॅस्टिकचा थर असलेल्या, फुटल्या तरी तुकडे धरून ठेवणाऱ्या) बसवून घ्या, निदान सेफ्टी फिल्म तरी चिकटवा.

जमिनीबद्दल. या पिढीच्या बऱ्याच घरांत काँक्रीटच्या स्लॅबमध्ये गरम पाण्याच्या नळ्या गाडलेल्या असतात. कॅलिफोर्नियात जोसेफ आयख्लर या बिल्डरने अशी अकरा हजारांच्या आसपास घरं बांधली, त्यांतल्या बहुतेकांत हीच पद्धत होती. नळ्या तांब्याच्या असतील तर अजून चालू असण्याची चांगली शक्यता आहे, लोखंडी असतील तर गंजलेल्या असू शकतात. नळ्यांना दाब देऊन चाचणी करा. नंतर हीटिंग चालू ठेवून थर्मल कॅमेऱ्याने जमिनीचे फोटो काढा. नळ्यांचा सगळा नकाशा लख्ख उमटतो, गळती असेल तिथे डाग पसरलेला दिसतो. तो नकाशा हातात आल्याशिवाय कोणालाही स्लॅबला छिन्नी लावू देऊ नका. मुख्य म्हणजे नवीन बाथरूम जुन्या स्लॅबवर काढूच नका.

जमिनीवरच्या नऊ इंची चौकोनी टाइल्स आणि त्यांच्याखालचा काळा गोंद यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक खनिज तंतू, असू शकतो. एक तुकडा प्रयोगशाळेत दिल्याशिवाय घासू, फोडू नका. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याच्या १९४९ सालच्या घरातही बैठकीतल्या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस निघाला होता आणि त्या काळजीपूर्वक काढून बदलाव्या लागल्या. टाइल्स घट्ट असतील तर त्या झाकून ठेवणं हा पुष्कळदा सगळ्यात शहाणा मार्ग असतो. आतल्या भिंतींच्या प्लायवूडला सँडपेपर लावू नका, वरचं व्हीनीअर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पापुद्रा, एक मिलीमीटरही नसतं. कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाका. पॉलिश मऊ होऊन चिकट लागलं तर ते शेलॅक (लाखेचं पॉलिश) आहे, आणि शेलॅक तिथल्या तिथे दुरुस्त होतं, खरवडावं लागत नाही.

आता वाढ. मजला का नको? खांब आणि पाया फक्त हलक्या छतासाठी मोजलेले आहेत. वर मजला घ्यायचा तर आतून नवीन सांगाडा उभा करावा लागतो, आणि काचेच्या भिंतींत जागोजागी भार घेणाऱ्या भिंती घालाव्या लागतात. म्हणजे ज्या मोकळेपणासाठी घर घेतलं तोच जातो. शिवाय ही घरं जमिनीलगत पसरलेली आहेत, त्यांचं रूप आडवं आहे.

पोर्च का नको? पोर्च ही रिकामी जागा दिसते, पण घराच्या पुढच्या बाजूला तीच सावलीची खोली देते. ती भरली की पुढे नुसती भिंत उरते. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमधलं, वास्तुविशारद रिचर्ड नॉयट्रा यांनी रचलेलं कॉफमन हाउस १९४६ सालचं. पुढच्या मालकांनी तिथे अंगण बंद करून खोल्या वाढवल्या. १९९० च्या दशकात मार्मोल रॅडझायनर या वास्तुविशारद फर्मने जीर्णोद्धार केला तेव्हा या भरी काढून टाकून अंगण पुन्हा उघडं केलं. छायाचित्रकार ज्युलियस शुलमन यांच्या जुन्या फोटोंवरून बारकावे ताडले आणि मूळ दगडाशी जुळणारा दगड मिळावा म्हणून युटामधल्या खाणीचा बंद भाग उघडून घेतला. एवढा खटाटोप भरलेली जागा रिकामी करण्यासाठी. तुमच्या पोर्चमध्ये सायकली आणि अवजारं ठेवायची असतील तर खांबांच्या दोन-तीन फूट आत एक लाकडी पडदी उभी करा, छताला न भिडणारी.

तर खोल्या मागे. जागा ठरवताना आधी बैठकीत बसून बागेकडे बघा आणि कुठली झाडं, कुठली मोकळी जमीन त्या नजरेत येते ते आखून ठेवा. ईम्स दांपत्याने आपल्या घराचा पहिला आराखडा कुरणावर आडवा येणाऱ्या पुलासारखा केला होता. स्टील साइटवर येऊन पडल्यावर त्यांनी तो बदलला, त्याच स्टीलमधून घर टेकडीच्या अंगाला सरकवलं आणि कुरण वाचवलं. शिवाय राहायचं घर आणि स्टुडिओ असे दोन तुकडे करून मधे अंगण ठेवलं. माझ्या मते तुमच्यासाठी हाच धडा योग्य आहे: दोन भाग, मधे अंगण, आणि मुख्य खोलीची नजर मोकळी.

मोजमाप असं घ्या. खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंतचं अंतर घरभर मोजा, एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. बहुतेक ठिकाणी एकच आकडा येईल. तो घराचा पट्टा. नवीन भाग त्याच पट्ट्यावर बसवा, झोपायची खोली दोन पट्टे, कामाची एक, बाथरूम एक, असं. खोली सहा इंच मोठी मिळावी म्हणून पट्टा मोडला की काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण डोळ्याला खुपत राहतं.

दुवा साडेसहा-सात फुटांपेक्षा रुंद नको, दोन्ही बाजूंना काच. त्याचं छत मूळ छज्जाच्या खाली सरकलं पाहिजे. मूळ छताची कड न कापता वरून तशीच पुढे गेली पाहिजे, हे मी कधीच सोडत नाही. छज्जाची खालची बाजू साडेसात फुटांवर असेल तर दुव्याच्या छताला जेमतेम तीन-चार इंच मिळतात, म्हणून ते बारीक स्टीलचं करावं लागतं. उंचीचा स्थानिक नियम आधी तपासा. पायाही वेगळा ठेवा, मधे लवचीक सांधा द्या, कारण जुना स्लॅब बसून स्थिर झालाय आणि नवीन अजून बसायचाय.

आणि जाडी? ती सगळी नवीन भागात पाठवा. तिथे भिंती हव्या तेवढ्या जाड, छतात आठ इंच इन्सुलेशन, विजेचं मुख्य पॅनेल, हीटिंगचं यंत्र, पाण्याची टाकी, कपाटं, सगळं तिकडे. नवीन भागाची बंद बाजू शेजाऱ्याकडे, उघडी अंगणाकडे. जुन्या घरातून ही यंत्रं निघाली की तिथली एक खोलीसुद्धा मोकळी होते, आणि पुढच्या चाळीस वर्षांत काही नवीन बसवायचं झालं तर त्यासाठी मूळ तुळयांना भोकं पाडावी लागत नाहीत.

नवीन भाग जुन्यासारखाच दिसावा की वेगळा, हे तुम्ही विचारलंत. १९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, नाहीशा झालेल्याच्या जागी बसवलेला भाग एकूण वास्तूशी मिळता असावा आणि तरीही मूळपासून ओळखू यावा, असं सांगते. अमेरिकेतले सरकारी जीर्णोद्धार-निकष नवीन काम वेगळं पण सुसंगत मागतात, आणि पुढे कधी ते काढलं तर मूळ वास्तूचं रूप अबाधित राहावं असंही म्हणतात. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि दुव्याची कल्पना त्यातूनच येते. वेगळेपण मात्र ओरडून दाखवू नये. लाकडी घराच्या मागे काळ्या पत्र्याचा डबा उभा करून संवर्धन झालं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पट्टा, उंची, छताची बारीक कड तीच ठेवा. खांब लाकडाऐवजी स्टीलचे घ्या, आणि सांध्यावर अर्ध्या इंचाची सावलीची खाच सोडा. एका तुळईच्या टोकावर बांधकामाचं साल कोरा. बघणाऱ्याला ते पुरेसं आहे.

पाडण्याबद्दल. नॉयट्रा यांचंच रँचो मिराजमधलं १९६२ सालचं मॅस्लन हाउस २००२ मध्ये पाडलं गेलं. एवढ्या मोठ्या नावाचं घर वाचलं नाही, मग तुमच्या घरासारखी हजारो अनामिक घरं कशाच्या भरवशावर वाचणार? ती मालकाच्या निर्णयावरच वाचतात. तुमच्या घराला किंवा वसाहतीला वारसा-संरक्षण आहे का ते बांधकाम परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा. तिथेच मूळ नकाशे मिळण्याचीही शक्यता असते. वास्तुविशारदाचं नाव कळलं तर त्यांची कागदपत्रं एखाद्या विद्यापीठाच्या संग्रहात आहेत का ते शोधा. पहिल्या मालकांच्या कुटुंबाकडचे वाढदिवसाचे फोटो सोडू नका. माणसांच्या मागे उभी असलेली भिंत, दिवा, पडद्याची दांडी त्यांतच सापडते.

एकूण खर्चाचा निदान पाचवा भाग उघडल्यावर दिसणाऱ्या गोष्टींसाठी बाजूला ठेवा. या घरांत तेवढा लागतोच.

शेवटी ठेकेदार. जो तुम्हाला पहिल्या भेटीत पाडा म्हणाला, त्याला हे काम देऊ नका. दोघा-तिघांना बोलवा आणि प्रत्येकाला एकच काम पैसे देऊन करायला सांगा: छताच्या कडेचा चार फुटी नमुना, प्लायवूडचा, खऱ्या मापाचा, पायरी, पत्रा, वॉटरप्रूफिंग सगळं दाखवणारा. तो शिडीवरून छताच्या कोपऱ्यावर धरायला लावा आणि तुम्ही रस्त्यावर जाऊन उभे राहा. जाड दिसला तर खाली उतरवून कमी करायला सांगा, पुन्हा धरा, पुन्हा बघा. एका घरी आम्ही हे पाच वेळा केलं आणि शेवटी फरक होता फक्त सव्वा इंचाचा. ज्या मापावर तुम्ही, ठेकेदार आणि इंजिनिअर तिघेही थांबाल, त्या प्लायवूडवर तिघांच्या सह्या घ्या, आणि काम संपेपर्यंत तो तुकडा साइटवरून हलू देऊ नका.